अर्धी गोळी आणि पूर्ण दुखणं

पत्र थोडक्यात: वय २६, नोकरी करणारी मुलगी. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोट आणि कंबर इतकी दुखते की मीटिंगमधून उठून बाथरूममध्ये जाऊन खाली फरशीवर बसावं लागतं, कधी उलटी, कधी जुलाब. गोळी घ्यायचीच नाही असं ठरवून ती दुपारपर्यंत ओढते आणि अगदीच असह्य झालं की पॅरासिटामॉलची अर्धी गोळी घेते, उरलेली अर्धी फॉइलमध्ये गुंडाळून पर्समध्ये. उपयोग शून्य. आई म्हणते पेनकिलरची सवय लागते, किडनी जाते, पुढे मूल व्हायला त्रास होतो. मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एकीने तिच्याकडची मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमाइन एकत्र असलेली गोळी दिली, दुखणं गेलं पण तोंडाला कोरड पडली आणि दिवसभर झापड. "ताई, सगळ्यात स्ट्राँग पण सेफ अशी एकच गोळी सांगा, दर महिन्याला घेतली तरी चालेल अशी." आणि अगदी शेवटी घाईघाईत दोन ओळी: लहानपणी दम्याचा पंप होता, आता काही नाही. गेल्या वर्षभरात दुखणं जरा वाढलंय, आता पाळीच्या दोन दिवस आधीच सुरू होतं.

उत्तर:

तुझं पत्र वाचल्यावर डोळ्यासमोर पहिल्यांदा काय आलं तर तो फॉइलचा तुकडा. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, पण औषधांच्या काउंटरच्या आतल्या बाजूला माझी वीसेक वर्षं गेलीत आणि ही अर्ध्या गोळीवाली मंडळी मला लांबूनच ओळखू येतात. येतात, आजूबाजूला कोणी नाही ना बघतात, "ती पोटात दुखायची द्या ना एक" म्हणतात, एकच हं, अख्खी स्ट्रिप नको, आणि मी विचारलं की कधी घेता, तर उत्तर ठरलेलं, अगदीच सहन नाही झालं की. आणि हे जरा अभिमानाने सांगतात बरं का.

तू विचारलंयस कोणती. सांगते, नावं घेऊन सांगते, "डॉक्टरांना विचारा" म्हणून पळ काढणार नाही. पण तुझ्या पत्रात खरा घोटाळा 'कोणती'त कमी आणि 'कधी' आणि 'किती'त जास्त आहे, आणि शेवटच्या ज्या दोन ओळी तू जाता जाता टाकल्यास ना, त्या मी असते तर पत्राच्या सुरुवातीला लिहिल्या असत्या. त्यांच्याकडे येतेच.

आधी हे दुखतं का ते बघू, कारण ते कळलं की अर्धी उत्तरं तुझी तुलाच मिळतील. पाळी यायच्या वेळी प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन खाली येतं आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं भरपूर तयार व्हायला लागतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला पिळायला लावतात, ओला टॉवेल पिळतो तसं, आणि पिळताना रक्तवाहिन्याही आवळल्या जातात, मग त्या स्नायूला ऑक्सिजन पुरत नाही आणि तो कळवळतो. कळ येते, जरा सुटते, परत येते, ती त्यामुळेच. हीच रसायनं आतड्यालाही छळतात म्हणून जुलाब, मळमळ, आणि तू बिचारी त्याचं खापर आदल्या रात्रीच्या जेवणावर फोडत असशील. पहिल्या ४८ तासांत ह्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो, म्हणून साध्या पाळीच्या दुखण्यात पहिला दिवस वाईट आणि तिसऱ्या दिवशी आपण परत माणसात.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. १९५७ मध्ये पिकल्स नावाच्या संशोधकाने पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचन पावायला लावणारा काहीतरी पदार्थ असतो हे दाखवलं होतं, पुढे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवतात हे सिद्ध केलं, त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणजे "तुझंच काय ते जास्त दुखतं" याचं केमिस्ट्रीतलं उत्तर गेली पन्नासेक वर्षं पुस्तकात छापलेलं आहे. मी स्वतः एकोणीस वर्षांची असताना फार्मसीच्या परीक्षेत ह्या प्रोस्टाग्लँडिनची आख्खी आकृती काढली होती, बाणबिण दाखवून, एका हाताने पोट दाबून धरून. गोळी नव्हती घेतली. कशाला उगाच, असं वाटलं होतं. त्यामुळे तुला हसायचा मला काडीचाही हक्क नाही.

आता यातून 'कधी'चं उत्तर बघ. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. जी रसायनं आधीच बनून बसलीत त्यांचं त्या काही करू शकत नाहीत. घरात नळ उघडा राहिलाय, तू नळ बंद करायला पोचलीस तेव्हा पाणी हॉलपर्यंत आलंय, आता नळ बंद केलास तरी फरशी लगेच कोरडी होणार आहे का? दुपारी दोन वाजता, उलटी झाल्यावर, घाम फुटल्यावर घेतलेल्या गोळीचं हेच होतं. वर तिला पोटातून रक्तात जायला अर्धा-पाऊण तास, पूर्ण जोर यायला एक-दोन तास, तोवर ऑफिस सुटायची वेळ झालेली असते आणि आपण निष्कर्ष काढतो की मला गोळ्या लागूच पडत नाहीत. आणि त्यातून उलटी होत असेल तर गोळी पोटात टिकली की नाही हाही प्रश्नच.

म्हणून पहिली कळ जाणवली किंवा पहिला डाग दिसला की तेव्हाच घ्यायची, दुखणं रंगात यायच्या आधी. जिची पाळी घड्याळासारखी येते तिने आदल्या दिवशी सुरू केली तरी चालतं, मात्र प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर तसं नको, आधी खात्री. आणि एकदा सुरू केली की ते पहिले दोन दिवस वेळ बघून घ्यायची, परत दुखायची वाट बघत बसायचं नाही. दोन, फार तर तीन दिवस, मग बंद. एवढा एक बदल करून "अहो तीच गोळी, पण या वेळी लागू पडली" असं सांगायला परत आलेल्या बायका मी पाहिल्यात.

'किती'चं तर काय सांगू. ५०० च्या पॅरासिटामॉलची अर्धी म्हणजे २५० मिलिग्रॅम, सहा-सात वर्षांच्या पोराला ताप आला की साधारण एवढं देतात. तू २६ वर्षांची बाई. मोठ्या माणसाचा पॅरासिटामॉलचा डोस एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत ४००० च्या वर अजिबात नाही, वजन खूप कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. अर्धी घेऊन तुला काय मिळालं तर गोळी घेतल्याचं गिल्ट पूर्ण आणि आराम काहीच नाही.

नावांकडे येते, पण त्याआधी तो दम्याचा पंप. पाळीच्या दुखण्यावर सगळ्यात उपयोगी पडणारा जो औषधांचा गट आहे, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, आम्ही काउंटरवर त्याला एनसेड म्हणतो, तो दमा असलेल्या काही जणांना अजिबात सोसत नाही, गोळी घेतल्यावर थोड्या वेळात नाक वाहायला लागतं, छाती भरून येते, अटॅक येऊ शकतो. सगळ्या दमेकऱ्यांना असं होत नाही, काहींनाच होतं, आणि ज्यांना नाकात पॉलिप (आतल्या मऊ गाठी) आहेत त्यांना धोका जास्त. तुझ्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे, मैत्रिणीने दिलेल्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड होतं, म्हणजे नकळत तू या गटातलं औषध एकदा घेऊन बसलीयस आणि श्वासाचा काही त्रास लिहिलेला नाहीस. चांगली खूण आहे, पण एकदाच घेतलीयस, आणि माहीत नसताना घेतलीयस, त्यामुळे डॉक्टरांना हे दोन्ही सांग, दमा होता हेही आणि ही गोळी घेतली तेव्हा काही झालं नाही हेही, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत पॅरासिटामॉलवरच राहा, फक्त पूर्ण डोसमध्ये आणि वेळेत. जिला असा त्रास आधी कधी झालाय तिने हा गट घ्यायचाच नाही, विषय संपला.

दम्याशिवाय आणखी कोणी जपायचं तेही इथेच सांगते कारण हे पत्र वाचणारी तू एकटी नाहीस. ज्यांना अल्सर झालाय किंवा पोटातून रक्त गेलंय, किडनीचा किंवा हार्टचा आजार आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, बीपीची काही औषधं किंवा डिप्रेशनवरची एसएसआरआय गटातली औषधं चालू आहेत (यांच्यासोबत पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते), प्रेग्नन्सी आहे किंवा असू शकते, अशांनी स्वतःच्या मनाने एनसेड नाही. डेंग्यूची शंका असलेला ताप असेल तेव्हाही नाही. आणि एक बारीक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही, उलट्या-जुलाब होऊन पाणीही पोटात ठरत नसेल तेव्हा ही गोळी किडनीवर ताण आणते, म्हणून पाणी ठरेपर्यंत ती घ्यायची नाही, पाणी मात्र घोट घोट करत पीत राहायचं.

हां, आता कोणती. डॉक्टरांनी एनसेडला हिरवा कंदील दिला असं धरून चालते.

आयब्युप्रोफेन. मी बहुतेकींना इथून सुरुवात करायला सांगते. ४०० मिलिग्रॅम, खाऊन, दर ६ ते ८ तासांनी, आणि डॉक्टरांना न विचारता २४ तासांत १२०० च्या वर जायचं नाही. लवकर काम करतं आणि लवकर उतरतंही, सकाळी आठला घेतलं तर दुपारी दोन-अडीचच्या सुमारास दुखणं परत डोकं वर काढतं, म्हणून दुसरी गोळी विसरायची नाही, मोबाइलवर अलार्म लाव सरळ. नॅप्रोक्सेनचं उलट, त्याचा असर जास्त वेळ टिकतो, ज्यांना कामाच्या मध्येच गोळी काढून घेणं जमत नाही किंवा रात्री दोनला दुखून जाग येते त्यांना ते बरं पडतं. पहिली ५००, नंतर गरज लागली तर २५० दर ६ ते ८ तासांनी, पहिल्या दिवसाची मर्यादा १२५०. मेफेनॅमिक ॲसिड पाळीच्या दुखण्यासाठी पुष्कळ लिहून दिलं जातं आणि चांगलं चालतंही, पहिली ५०० आणि मग २५० दर ६ तासांनी अशी त्याची एक नेहमीची पद्धत आहे, पण पोट बिघडवण्यात ते मागे नाही, म्हणून खाल्ल्याशिवाय नको आणि दोन-तीन दिवसांपलीकडे ओढू नको, आणि फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. यातली कुठलीही गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंड सुजणं असं काही झालं तर तिथल्या तिथे बंद करायची आणि दाखवायचं, पुरळ काही दिवसांनी उठलं तरी.

मग यातली सगळ्यात स्ट्राँग कोणती? कोणीच नाही, खरंच. २०१५ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी ८० चाचण्या, ५८२० बायकांचे निकाल एकत्र करून बघितले आणि या गटातली एक दुसरीपेक्षा सरस आहे असं काही ठामपणे दिसलं नाही. दिसलं ते असं की नुसती नकली गोळी घेणाऱ्या १०० पैकी १८ जणींना बऱ्यापैकी आराम पडला आणि एनसेड घेणाऱ्यांत ४५ ते ५३ जणींना. पॅरासिटामॉलपेक्षाही हा गट जास्त उपयोगी ठरला. हे आकडे मी मुद्दाम सांगतेय कारण त्यात दोन्ही बाजू आहेत, गोळ्या खरंच काम करतात आणि तरीही निम्म्या जणींना पुरत नाहीत. त्यामुळे एका गोळीने नीट वेळेवर, नीट डोसमध्ये घेऊनही दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर याच गटातली दुसरी करून बघायची, एकीला आयब्युप्रोफेन मानवतं तर दुसरीला नॅप्रोक्सेन. पण एका वेळी एकच हां. मैत्रिणीची पण घेतली आणि आपली पण घेतली, नावं वेगळी म्हणून, असं करायचं नाही, आराम दुप्पट होत नाही, पोटाचं आणि किडनीचं नुकसान मात्र होतं. पॅरासिटामॉल वेगळ्या जातीचं आहे, ते एनसेडच्या जोडीला चालतं, फक्त सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे लक्षात ठेव, नाहीतर नकळत डबल होतं. ॲस्पिरिन मी यासाठी सुचवत नाही, त्याने रक्त जास्त जाऊ शकतं आणि सोळा वर्षांखालच्या मुलींना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात द्यायची नाही.

ती कोरड पडलेली गोळी, तिचं काय झालं सांगते. मेफेनॅमिकने तुझं दुखणं गेलं असावं आणि कोरड-झापड बहुतेक डायसायक्लोमाइनने आणली. ते पेटके सैल करणारं औषध आहे, आतड्याच्या पेटक्यांवर वापरतात, आणि तोंड कोरडं होणं, डोळ्याला अंधुक दिसणं, झोप येणं, संडासला कडक होणं हे त्याचे ठरलेले गुण. गर्भाशयाच्या दुखण्यावर त्याने जास्तीचा किती फायदा होतो याचा पुरावा तसा लंगडाच आहे. म्हणून दोन औषधांच्या मिसळीपेक्षा आधी एकच औषध नीट वापरून बघ, असं माझं मत. आणि ती गोळी घेऊन गाडी चालवत घरी गेली नव्हतीस ना? पुढच्या वेळी लक्षात ठेव.

रिकाम्या पोटी घ्यायची सवय सोड. जे हाताशी असेल ते चार घास खा आणि मग गोळी, ग्लासभर पाण्यासोबत, आणि घेतल्या घेतल्या आडवी होऊ नको. खाल्ल्यावर घेतली की असर थोडा उशिरा येतो हे खरं, म्हणून तर म्हणते लवकर घे.

आता आई. तिला अडाणी वगैरे म्हणू नको, तिची भीती हवेतून आलेली नाही. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं रोज दोन-दोन पेनकिलर खाऊन किडनी बिघडलेली माणसं असतात, तिने कोणीतरी पाहिलेलं असेल, मीही पाहिलीत. फक्त तिची बेरीज चुकतेय. महिन्याचे दोन दिवस म्हणजे वर्षाचे चोवीस, तेही सलग नाहीत, मधे शरीराला पंचवीसेक दिवसांची मोकळीक. निरोगी किडनी असलेल्या मुलीला मर्यादेत घेतलेल्या एवढ्या गोळ्यांनी किडनी जात नाही. सवय लागायचं म्हणशील तर या गोळ्यांची नशा नसते, अफूच्या जातीच्या पेनकिलर असतात त्यांची लागते, ती वेगळी गोष्ट आणि पाळीसाठी त्यांची गरज पडत नाही. दर महिन्याला गोळी लागते कारण दर महिन्याला पाळी येते, याला सवय कशी म्हणायची? चष्मा रोज लावतो म्हणून डोळ्याला चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणतो का. मुलाचं विचारशील तर पाळीच्या दिवसांत घेतलेल्या गोळीने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. यात खरेपणाचा एक कण आहे तो सांगते, ही औषधं बीज सुटायच्या दिवसांत, म्हणजे पाळीच्या मधल्या काळात, सलग घेतली तर त्या महिन्यात बीज बाहेर पडणं लांबू शकतं, बंद केली की परत जसंच्या तसं. मूल हवंय म्हणून प्रयत्न चालू असणाऱ्यांनी तेवढं पाहावं.

आईला एक विचारून बघशील का, तिला स्वतःला किती दुखायचं आणि किती वर्षं? वाद घालायला म्हणून नको विचारू. घरात जवळच्या कोणाला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं तो आजार) असेल तर आपल्याला असायची शक्यता वाढते आणि पुष्कळ आयांना आपल्याला ते होतं हे कधी कोणी सांगितलेलंच नसतं, "मला पण असंच व्हायचं, पलंगावरून उठता यायचं नाही" एवढंच त्यांच्याकडे असतं. डॉक्टरांसाठी ती कामाची माहिती आहे.

गोळीसोबत शेक घे, ही काही समजूत काढायची गोष्ट नाही. २००१ मध्ये झालेल्या एका चाचणीत पोटावर साधारण ३९ अंशांचा सलग शेक हा आयब्युप्रोफेनच्या तोडीस तोड निघाला होता, आणि दोन्ही मिळून घेतलेल्यांना आराम लवकर पडला. मुद्दा 'सलग'चा आहे, दहा मिनिटं पिशवी धरली आणि ठेवून दिली असं नाही. ऑफिसमध्ये कपड्याच्या आत चिकटवायचे हीट पॅच मिळतात ते बघ, फक्त थेट कातडीवर तासन्‌तास खूप गरम काही ठेवू नको, पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेल्या मुली येतात माझ्याकडे. नियमित व्यायामाने पुढच्या पाळ्या थोड्या सुसह्य होतात असं दिसतं, पण नेमकं दुखत असताना "जरा चालून ये बरं वाटेल" म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष केलंस तरी चालेल.

आणि आता तुझी ती शेवटची ओळ, गेल्या वर्षभरात वाढलंय आणि दोन दिवस आधीच सुरू होतं. मला सगळ्यात जास्त हीच खटकली. साधं पाळीचं दुखणं पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत लागतं, पाळीच्या आसपास सुरू होतं, दोन-तीन दिवसांत जातं, आणि वय वाढेल तसं साधारण तेवढंच राहतं किंवा कमी होतं. पंचविशीनंतर वाढत जाणारं, आधीपासून सुरू होणारं, पाळी नसतानाही ओटीपोटात ठणकणारं, संबंधाच्या वेळी किंवा संडासला जाताना आत खोलवर दुखणारं, गाठी पडून खूप रक्त जाणारं, असं काही असेल तर मागे एंडोमेट्रिओसिस, ॲडिनोमायोसिस (तसंच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) किंवा इन्फेक्शन असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस असतो आणि तो आहे हे कळायला कित्येक वर्षं जातात. ती वर्षं कुठे जातात? बरीचशी अशीच, पर्समधल्या गोळ्यांत. म्हणजे तुला तोच आहे असं मी म्हणत नाहीये, पत्रावरून मला ते कळायची सोय नाही. पण तू जरी मला "ताई, तुमची गोळी एकदम लागू पडली" असं कळवलंस तरी मी तुला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाच म्हणेन.

जाताना दोन-तीन महिन्यांची नोंद ने, काही फार नको, फोनमध्ये तारीख, दुखणं कधी सुरू झालं, दहापैकी किती, कोणती गोळी किती वाजता, तासाभराने किती राहिलं, किती पॅड लागले. पण नोंद पूर्ण व्हायची म्हणून अपॉइंटमेंट पुढे ढकलू नको, अपॉइंटमेंट आज घे आणि तोवर जेवढं जमेल तेवढं लिही. "पोटात दुखतं" असं सुरू करू नको. "वर्षभरात वाढलंय, दोन दिवस आधी सुरू होतं, कामावर बसता येत नाही, लहानपणी दमा होता", असं सांग, आणि मग ते बोलतील. सोनोग्राफी सांगतील बहुतेक. ती नॉर्मल आली तर आनंदच आहे, पण नॉर्मल सोनोग्राफीने एंडोमेट्रिओसिस नाहीच असं ठरत नाही, त्यामुळे दुखणं चालूच राहिलं तर रिपोर्ट फाइलला लावून गप्प बसायचं नाही. ते हॉर्मोनच्या गोळ्यांचा पर्याय काढतील, त्याला घाबरून उठून येऊ नको. त्या अस्तर पातळ ठेवतात, अस्तर कमी तर प्रोस्टाग्लँडिन कमी, आणि मूल नको असलेल्या मुलींना तो चांगला तोडगा ठरतो, तीनेक महिने देऊन बघतात. फक्त मायग्रेनच्या आधी डोळ्यासमोर चमकत असेल, घरात किंवा तुला रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल, बीपी असेल, सिगरेट ओढत असशील तर ते लपवू नको, त्यावर कोणती गोळी द्यायची ते ठरतं.

अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही असंही काही असतं. दुखणं अचानक आणि एकाच बाजूला आणि नेहमीसारखं अजिबात नाही, पाळी चुकल्यावर असं दुखतंय, सोबत ताप आहे, चक्कर येऊन पडलीस, किंवा सलग दोन तास तासाला एक पॅड भिजतोय, तर त्याच दिवशी, त्याच वेळी हॉस्पिटल. काळी डांबरासारखी संडास किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी बंद आणि तसंच लगेच हॉस्पिटल.

आणि डॉक्टरांनी बघता बघता "असतंच हे, मूल झालं की थांबेल" म्हणून कागदावर एक गोळी लिहून परत पाठवलं, तर कागद घे, थँक्यू म्हण आणि दुसऱ्या डॉक्टरची वेळ घे. पहिल्यांदा गेलेल्या बऱ्याच जणींना हेच ऐकायला मिळतं आणि त्या परत कधी जात नाहीत, पुढची सहा वर्षं मला काउंटरवर भेटत राहतात.